कवितेची चाल कुठून येते?

माझा भाचा चोपडा तालुक्यातला. घरी केळी आणि थोडा कापूस. जळगावला शिकायला होता तेव्हा माझ्याकडेच राहायचा आणि तिथेच कविता लिहायला लागला. मागच्या पावसाळ्यात त्यानं एका काव्यवाचनात केळी कापणाऱ्या मजुरांवरची कविता वाचली. तिची सुरुवात अशी होती:

इथला घड, तिथला घड,
खांदा झोका खाय रं

वाचन संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ त्याला म्हणाले, "चांगली आहे. पण यात महानोर दिसतात." त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं असेल, पण पोरगं घरी आलं ते तोंड पाडून. जेवतानाही गप्प. शेवटी म्हणाला, "मावशी, शेतावर लिहिलं की महानोर, पावसावर लिहिलं की बालकवी, चुलीवर लिहिलं की बहिणाबाई. मग मी लिहू कशावर?"

मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. 'प्रभाव' हा शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. पण त्या रात्री त्याला समजावताना लक्षात आलं की हा शब्द आपण फार सैल वापरतो. दोन कवींचा विषय एक असला की प्रभाव, चार शब्द सारखे असले की प्रभाव, दोघं एका गावचे असले तरी प्रभाव. खरा प्रभाव बहुतेक वेळा या तिन्हींत नसतो. तो कवितेच्या चालीत असतो, ओळ कुठे वळते त्यात असतो, आणि कवीला काय बोलायची मुभा मिळाली त्यात असतो. हे समजायला खानदेशाइतकी सोयीची जागा नाही. इथे थोड्याशा कोसांत इतके वेगवेगळे कवी झाले की एकाशेजारी एक ठेवून बघता येतात.

सुरुवात बोटांवर अक्षरं मोजण्यापासून करू. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग घ्या:

जे का रंजले गांजले
त्यासि म्हणे जो आपुले

जे-का-रं-ज-ले-गां-ज-ले. आठ. त्या-सि-म्ह-णे-जो-आ-पु-ले. पुन्हा आठ. याला लहान अभंग म्हणतात. मोठ्या अभंगाची घडण वेगळी, 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया' अशी सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. संतांनी ही मोजणी नेहमी काटेकोर पाळली असं नाही. गाताना एखादं अक्षर ओढून किंवा दाबून जागेवर बसवता येतं. पण साचा मात्र कानात पक्का बसतो. कीर्तनात बसलेल्या, वारीत चाललेल्या, ओट्यावर भजन ऐकलेल्या माणसाच्या अंगात हे आठ नकळत मुरतात. त्याला लिहिता-वाचता यायलाच हवं असं नाही.

आता जळगावपासून अगदी जवळचं असोदं. तिथे १८८० मध्ये बहिणाबाईंचा जन्म झाला. लग्नानंतर त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. शाळा पाहिलेली नाही, अक्षरओळख नाही. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून ठेवली, म्हणून आपल्याला मिळाली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्यातली एक ओळ मोजून बघा:

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकावर

आठ, आठ, आठ, आठ. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' हेही आठ-आठ. साचा तोच, तुकोबांचा.

मग बहिणाबाईंवर तुकोबांचा प्रभाव, असं म्हणून थांबायचं का? पुष्कळ जण थांबतात. मला मात्र यापुढचंच महत्त्वाचं वाटतं. यमक कुठे पडतं ते पाहा. तुकोबांच्या अभंगात पहिली ओळ 'गांजले' आणि लगेच दुसरी 'आपुले'. कडी लगेच लागते. बहिणाबाईंच्या गाण्यात पहिल्या ओळीला यमक नाही. ते दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत आहे, 'ढोर' आणि 'पिकावर'. म्हणजे कडी लागायच्या आधी त्यांनी स्वतःला दुप्पट जागा ठेवली. त्या जागेत काय आलं? एक अख्खं दृश्य. ढोर पिकात शिरलं, हाकललं, पुन्हा आलं. अभंगाला उपदेश करायचा असतो, म्हणून तो ओळीमागून ओळ पक्की करत जातो. बहिणाबाईंना दाखवायचं आहे, म्हणून त्या कडी उशिरा लावतात. साचा उचलला, पण त्याची बिजागरी हलवली. उसनं कुठे संपतं आणि स्वतःचं कुठे सुरू होतं, ते अशा ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं.

विषयाचंही तसंच. मन आवरत नाही ही तक्रार काही असोद्यात जन्मली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तीच करतो. मन चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे, असं तो म्हणतो. कीर्तन-प्रवचनांतून ही गोष्ट गावोगाव पोहोचलेली होती. बहिणाबाईंच्या याच गाण्यात पुढच्या कडव्यात वारा येतोही. पण सुरुवात वाऱ्यानं होत नाही, ती उभ्या पिकातल्या ढोरानं होते. ज्या बाईनं सकाळ-संध्याकाळ शेताची राखण केली आहे तिलाच हे सुचणार. कल्पना जुनी आहे आणि ढोर मात्र घरचं आहे.

त्यांनी स्वतःच आपल्या गाण्याचा उगम सांगून ठेवला आहे:

अरे घरोटा घरोटा
तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं
पोटातून येतं ओठी

घरोट म्हणजे जातं. 'अरे घरोटा घरोटा', 'अरे संसार संसार', 'मन वढाय वढाय' अशी एकच शब्द दोनदा म्हणायची त्यांची खोड आहे. मला नेहमी वाटतं, की ती जात्याच्या खुंट्यावरच्या हाताची आहे. हात पुढे जातो, मागे येतो. एक शब्द जाताना, तोच शब्द येताना. हे मला सिद्ध करता येणार नाही. पण लहानपणी आजीच्या समोर बसून एका हातानं दळलेलं आहे, त्यामुळे त्या दोन शब्दांमधला झटका मला ओळखीचा वाटतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती नेहमी चुकते. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही. ती लेवा पाटीदार समाजाची बोली, जिला लेवा गणबोली म्हणतात. खानदेशातलं सगळं बोलणं म्हणजे अहिराणी असं बाहेरच्यांना वाटतं आणि मग प्रभाव शोधतानाही गल्लत होते.

लिहिता-वाचता न येणाऱ्या कवीवर छापील पुस्तकाचा प्रभाव पडू शकतो का? पडू शकतो. सोपानदेवांची एक आठवण प्रसिद्ध आहे. लहान असताना ते शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट मोठ्यानं वाचत होते. आई काम करता करता ऐकत होती, आणि रात्रीतून तिनं त्यावर स्वतःचं गाणं रचलं. पुस्तकातून पोराच्या तोंडी, तिथून आईच्या कानी आणि तिथून गाण्यात. वाचनालयाच्या नोंदवहीत हा प्रवास कुठेही सापडणार नाही.

आता तापी ओलांडून फैजपूरला जाऊ. बा. सी. मर्ढेकरांचा जन्म १९०९ मध्ये फैजपूरचा, हे खुद्द आमच्याकडच्या कित्येकांना माहीत नसतं. हा माणूस बहिणाबाईंच्या अगदी उलट टोकाचा. इंग्रजीत मुरलेला, आयसीएसच्या परीक्षेसाठी लंडनला जाऊन आलेला, पुढे आकाशवाणीत नोकरी. १९३९ च्या 'शिशिरागम'मध्ये ते बालकवी आणि माधव जूलियन यांच्या वळणानं लिहीत होते. आठ वर्षांनी, १९४७ मध्ये 'काही कविता' आला आणि मराठी कविता बदलली. मधल्या काळात महायुद्ध झालं होतं. मर्ढेकरांवर इंग्रजी कवी टी. एस. एलियटचा प्रभाव आहे हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मी अगणित वेळा वाचलं. ते खोटं नाही. यंत्र, शहर, मोडकी माणसं, तुटक चित्रं हे सगळं त्या वाटेनं आलं. पण कविता ज्या पायांवर चालते ते पाय बघा:

जे न जन्मले वा मेले
त्यासी म्हणे जो आपुले
तोचि मुत्सद्दी जाणावा
देव तेथे ओळखावा

मोजायची गरज नाही, पण मोजा. आठच. पुढच्याच कडव्याची सुरुवात 'मोले धाडी जो मराया' अशी आहे आणि तिच्यामागे तुकोबांचं 'मोले घातले रडाया' उभं आहे. तुकोबांच्या वेळी पैसे देऊन रडायला माणसं बोलावत. मर्ढेकरांच्या काळात पैसे देऊन मरायला पाठवत होते. एक क्रियापद बदललं आणि तीनशे वर्षांचं अंतर दिसलं.

एक बारीक गंमत मी वर्गात हमखास सांगायचे. तुकोबांची ओळ आहे 'तोचि साधु ओळखावा, देव तेथेचि जाणावा'. मर्ढेकरांनी 'ओळखावा' आणि 'जाणावा' यांची अदलाबदल केली. का? 'साधु' दोन अक्षरी, त्याच्यापुढे चार अक्षरांचं 'ओळखावा' बसतं. 'मुत्सद्दी' तीन अक्षरी, मग पुढे तीन अक्षरांचं 'जाणावा'च हवं. आठाचा साचा मोडायचा नव्हता. ज्या कवीला सगळे परंपरा मोडणारा म्हणतात, तो एका अक्षरासाठी शब्द हलवतो. तुकोबांचा साचा शाबूत राहिला नाही तर वाचकाच्या कानाला 'साधु' ऐकूच येणार नाही, आणि 'साधु' ऐकू आला नाही तर 'मुत्सद्दी' टोचणार नाही. विडंबन करायचं असतं तर एवढी काळजी लागली नसती. मला तर यात मर्ढेकरांचा तुकोबांवरचा विश्वास दिसतो.

असोदं आणि फैजपूर. एकच साचा. एकीनं त्यात तवा, ढोर आणि घरोट घातलं, दुसऱ्यानं मुत्सद्दी आणि भाडोत्री मरण. यमकाची जागाही वेगळी. मर्ढेकरांनी तुकोबांची जोडओळ तशीच ठेवली, बहिणाबाईंनी बदलली. आणि दोघांनी एकमेकांचं काही घेतलेलं नाही हे कशावरून? तारखांवरून. मर्ढेकरांचं पुस्तक १९४७ चं. बहिणाबाईंची गाणी छापून आली १९५२ ला, पण रचली गेली त्याआधीच्या कित्येक वर्षांत, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणजे साम्य आहे, पण एकमेकांचा प्रभाव नाही. दोघांची विहीर एक आहे. साम्य दिसलं की आधी सालं बघावीत आणि मग दोघांच्या मागे तिसरं कुणी उभं आहे का ते बघावं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

शेजाराचंही असंच. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, धरणगावचे. जन्म १८९० चा. १९१८ च्या मे महिन्यात जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले. वय अवघं सत्तावीस. असोद्यापासून भादली लांब नाही. त्या साली बहिणाबाई अडतीसाव्या वर्षात होत्या. दोघंही निसर्गात रमलेले, एकाच मुलखात, एकाच काळात. पण बहिणाबाईंच्या ओळींत बालकवींची चाहूलही लागत नाही, आणि बालकवींच्या कवितेत घरोटाची घरघर नाही. 'औदुंबर'मधला निळासावळा झरा आणि बहिणाबाईंची विहीर यांत पाणी तेवढं सारखं आहे.

बालकवींकडे पाणी आलं ते दुसऱ्याच वाटेनं, आणि त्या वाटेवर जळगावचा मोठा वाटा आहे. १८८७ पासून जळगावहून 'काव्यरत्नावली' नावाचं मासिक निघायचं. संपादक नारायण नरसिंह फडणीस. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, आणि तेही पुण्या-मुंबईहून नव्हे. केशवसुतांच्या कविता त्यात छापून येत. केशवसुतांचा संग्रह ते हयात असताना निघालाच नाही. ते १९०५ मध्ये गेले, पुस्तक त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं. म्हणजे त्यांच्या कवितेचा जो काही परिणाम तोवर झाला तो सुट्या अंकांतून, एकमेकांनी उतरवून घेतलेल्या वह्यांतून. प्रभाव हवेतून येत नाही. त्याला टपाल लागतं, छापखाना लागतो, पदरमोड करून अंक काढणारा एखादा माणूस लागतो. पुढे १९८५ पासून धुळ्यात पुरुषोत्तम पाटलांनी 'कवितारती' काढलं तेही याच जातीचं काम. कवी कुणामुळे घडला असं विचारताना संपादकांची नावं कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनी तिथे कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं. कीर्तिकर वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. फुलांच्या कवीचं नामकरण झाडापानांच्या जाणकारानं केलं, हे मला अजून सुंदर वाटतं. पुढे बालकवी काही काळ अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात या हट्टी, हळव्या ठोमऱ्याचं जे चित्र काढलं आहे ते वाचलं नसेल तर जरूर वाचा.

तर बालकवींवर दोन ठसे उघड आहेत. केशवसुतांचा आणि टिळकांचा. केशवसुतांनी इंग्रजी कवितेतून एक गोष्ट मराठीत आणली होती: कवीनं स्वतःच्या मनाबद्दल बोलावं, देवादिकांच्या कथेची आड न घेता. बालकवींची 'धर्मवीर' वाचली की मागून 'तुतारी' ऐकू येते. तिथे प्रभाव अजून कच्चा आहे, आवाज दुसऱ्याचा आहे. टिळकांकडून फुलं आणि मुलं आली. टिळकांना फुलामुलांचे कवीच म्हणत. पण टिळकांचं फूल शेवटी काहीतरी शिकवतं, देवाकडे बोट दाखवतं. केशवसुतांचं फूल विचाराकडे जातं. 'फुलराणी'त काय होतं? कळी हिरवळीवर खेळते, लाजते, आणि सोनेरी सूर्यकिरणाशी तिचं लग्न लागतं. तात्पर्य नाही. 'औदुंबर'मध्ये तर कवी शेवटी बोलतच नाही. झरा, गाव, शेतं, पायवाट, आणि 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. तो झाडाला बसवतो आणि निघून जातो. टिळकांच्या घरी राहून, केशवसुतांना गुरू मानून, बालकवींनी दोघांच्या कवितेतली शिकवणी तेवढी बाहेर ठेवली. कुणाकडून काय घेतलं याइतकंच काय घेतलं नाही हेही बघावं लागतं. ते दिसायला वेळ लागतो, कारण ते पानावर नसतं.

भाच्याला हे सगळं पटलं, पण त्याची भीती गेली नाही. "मावशी, पण ऋण तर आहेच ना?" आहेच की. पाश्चात्त्य समीक्षेत हॅरॉल्ड ब्लूम नावाच्या अमेरिकी समीक्षकानं १९७३ मध्ये एक सिद्धांत मांडला. थोडक्यात असा, की प्रत्येक मोठा कवी आपल्या आधीच्या मोठ्या कवीला भितो, मुलगा बापाशी झगडतो तसा झगडतो, आणि त्याला मुद्दाम चुकीचं वाचून स्वतःसाठी जागा करतो. काही कवींना तो नीट लागू पडतो. पण आपल्या संतांपुढे मला तो तोकडा वाटतो. तुकोबा काय म्हणतात? 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें, सवें पांडुरंगें येऊनियां.' नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी कामाला लावलं. कवितेच्या सुरुवातीलाच स्वच्छ कबुली. ज्ञानदेवांनी पाया रचला आणि तुका कळस झाला, हे सांगणारी संत बहिणाबाई स्वतः तुकोबांची शिष्या होती (शिऊरची बहिणाबाई, असोद्याच्या बहिणाबाईंशी तिची गल्लत करू नये). एकाच देवळाचं बांधकाम म्हटल्यावर पायानं कळसाचा हेवा करायचं कारण उरत नाही. आपल्याकडे ऋण लपवायची पद्धत नव्हती. 'तुमच्यात अमुक दिसतात' हा टोमणा होऊ शकतो, ही अलीकडची गोष्ट आहे.

आता महानोर, ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं. पळसखेडचे. अजिंठ्याच्या डोंगरापाशी, नकाशावर मराठवाड्यात, पण शेंदुर्णी-जळगाव म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा मुलूख, म्हणून आम्ही त्यांना आमचे समजतो. जन्म १९४२ चा. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपात आली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. म्हणजे वाचायच्या वयात आले तोवर एका शेतकरी बाईची गाणी मराठी साहित्यात मानानं बसलेली होती. हा प्रभावाचा सगळ्यात खोल प्रकार आहे असं मला वाटतं. त्यात शब्द येत नाहीत, साचाही येत नाही. फक्त मुभा मिळते. आपल्या बांधावर जे आहे ते कवितेत चालतं, हे आधी कुणीतरी करून दाखवलेलं असतं. १९६७ च्या 'रानातल्या कविता' बहिणाबाईंसारख्या अजिबात नाहीत. बहिणाबाई रानाकडे बघून संसाराबद्दल बोलतात. महानोर रानाकडे बघून रानातच हरवतात, आणि तिथे ते बालकवींच्या जास्त जवळ आहेत. पण ओल, नांगरट, पेरणी हे सगळं अंगावर घेऊन. शिवाय त्यांचा कान लोकगीतांवर होता. १९७० च्या त्यांच्या संग्रहाचं नावच 'वही', म्हणजे इथला लोकगीतांचा एक प्रकार, आणि वहीगायन आजही खानदेशात डफावर रात्र रात्र चालतं. 'पळसखेडची गाणी' म्हणून त्यांनी गावची लोकगीतं गोळाही केली.

मुभा नाकारल्यामुळेही कविता घडते. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे. त्यांच्या 'स्टेज' या कवितेत आदिवासींची दुःखं स्टेजवरून दुसरेच सांगत राहतात, आणि ज्यांची ती दुःखं आहेत ते खाली बसलेले. या कवितेवर कुणा कवीचा प्रभाव शोधू नका. तिच्यामागे शहाद्याची सत्तरच्या दशकातली आदिवासींची चळवळ आहे, सभा आहेत, आणि दुसऱ्यांनी आपल्याबद्दल बोललेलं ऐकत राहण्याचा कंटाळा आहे. कवीला घडवणाऱ्यांची यादी करताना पुस्तकांपाशी थांबलं तर असे कवी यादीबाहेरच राहतात.

भाच्याच्या कवितेकडे परत येते. महानोर दिसतात म्हणणाऱ्यांनी विषय पाहिला. केळी आहे, शेत आहे, रात्रीचा ट्रक आहे. मी त्याला म्हटलं, विषय बाजूला ठेव आणि फक्त चाल म्हण. शब्द नकोत. तो टेबलावर बोटं आपटत म्हणाला. मला ती चाल कुठेतरी ऐकलेली वाटत होती, पण सापडत नव्हती. मोजून पाहिलं, आठ नव्हते. अभंगही नाही, महानोरांची लयही नाही.

दोन महिन्यांनी दिवाळीला मी चोपड्याला गेले. ताई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. भाच्याला पुन्हा तेच करायला लावलं. त्यानं दोनदा टेबल वाजवलं, आणि आतून ताईचा आवाज आला. झाऱ्यानं कढईच्या काठावर ठेका धरत ती आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, झोक्याचं गाणं म्हणत होती, आम्ही दोघी लहानपणी निंबाच्या झोक्यावर म्हणायचो ते:

आथानी कैरी, तथानी कैरी,
कैरी झोका खाय वं

आथानी म्हणजे इथली, तथानी म्हणजे तिथली. इथला घड, तिथला घड. 'वं' बायकांना म्हणतात, त्याच्या मजुरांसाठी तो 'रं' झाला होता. मी उगाच पावसाच्या आणि रानाच्या कवितांत शोधत होते. तो दोन-तीन वर्षांचा असताना ताई त्याला मांडीवर घेऊन झोक्यावर बसायची, ते मीच पाहिलेलं होतं.

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला. "आई, पुढे काय आहे?"

ताईनं चकली पालटली आणि म्हटलं:

कैरी तुटनी, खडक फुटना,
झुयझुय पानी वाहय वं